मिनीस्कोप हाती घेण्यापूर्वी आणि घेतल्यानंतर: नवख्या संशोधकांसाठी मार्गदर्शक

संगणकाच्या पडद्यावर एक करडे, धूसर वर्तुळ असते. त्यात रक्तवाहिन्यांच्या काळसर फांद्या पसरलेल्या दिसतात आणि त्यांच्या मधूनमधून बारीक ठिपके क्षणभर उजळतात, मग हळूहळू मंद होतात. त्याच वेळी शेजारच्या खोक्यात एक उंदीर भिंतीच्या कडेकडेने धावत असतो, मध्येच थांबून मिशा हलवतो, आणि त्याच्या डोक्यावर बोटाच्या पेराएवढा सूक्ष्मदर्शक बसवलेला असतो. उजळणारा प्रत्येक ठिपका म्हणजे एक चेतापेशी. ती सक्रिय झाली की तिच्यातील कॅल्शियम वाढते आणि तिच्यात मुद्दाम निर्माण केलेले प्रथिन हिरवे चमकते. मोकळेपणाने वावरणाऱ्या प्राण्याच्या मेंदूतील शेकडो पेशी एकाच वेळी पाहता याव्यात, आणि त्याच पेशी पुढच्या आठवड्यात पुन्हा शोधता याव्यात, यासाठी हा सगळा खटाटोप असतो. या छोट्या सूक्ष्मदर्शकाला प्रयोगशाळांत सरसकट मिनीस्कोप म्हणतात आणि या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

हे तंत्र शिकायला येणाऱ्या बहुतेकांचे सारे लक्ष यंत्राकडे असते. कोणते मॉडेल घ्यावे, सेन्सर किती पिक्सेलचा असावा, केबल कोठून मागवावी, यावर महिनोन्‌महिने चर्चा होते. प्रत्यक्षात यंत्र हा या प्रयोगातील सर्वांत सोपा भाग आहे, कारण ते बिघडले तर बदलता येते. मिनीस्कोपला खालच्या पेशी दिसाव्यात म्हणून मेंदूवर एकदा बसवलेली काचेची लेन्स बदलता येत नाही, आणि तिच्याखाली रक्ताची गुठळी असेल तर जगातील सर्वोत्तम मिनीस्कोपलाही तेथे गुठळीच दिसेल. म्हणून पुढील पायऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेला आणि बेसप्लेट, म्हणजे मिनीस्कोप अडकवायची चौकट, बसवण्याला जास्त जागा दिली आहे. उदाहरण म्हणून लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, म्हणजे यूसीएलएचा, मुक्त आराखड्याचा ‘व्ही ४’ मिनीस्कोप, प्रौढ उंदीर आणि मेंदूतील हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागाचा सीए१ हा उपभाग घेतला आहे. नवख्यांपैकी अनेकांची सुरुवात याच जोडीने होते आणि तिच्याविषयीचा अनुभवही सर्वत्र भरपूर उपलब्ध आहे.

पायरी पहिली: मिनीस्कोपची गरज आहे का, हे ठरवणे

प्रश्न एकेका पेशीचा नसून एखाद्या भागातील एकंदर सक्रियतेचा असेल, तर मेंदूत बारीक ऑप्टिकल फायबर घालून एकत्रित चमक मोजणारी फायबर फोटोमेट्री पुरेशी असते. ती स्वस्त आहे, तिची शस्त्रक्रिया सोपी आहे आणि तिचा डेटा एका छोट्या फाइलमध्ये मावतो. उलट, पेशींचे अतिशय स्पष्ट चित्र हवे असेल आणि प्राण्याचे डोके स्थिर धरूनही प्रश्नाचे उत्तर मिळत असेल, तर लेझरने हवा तेवढाच पातळ थर उजळवणारा टेबलावरचा टू-फोटॉन सूक्ष्मदर्शक अधिक चांगला. कोणती पेशी केव्हा सक्रिय झाली हे कळायलाच हवे आणि प्राणीही मोकळा असायलाच हवा, अशा दोन्ही अटी एकत्र आल्या तरच मिनीस्कोपकडे वळावे. जागेची ओळख, सामाजिक वर्तन, भीतीची स्मृती, झोप हे विषय या वर्गात येतात.

टू-फोटॉन तंत्रही डोक्यावर नेण्याचे प्रयत्न जुने आहेत. फ्रित्योफ हेल्मखेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असा सूक्ष्मदर्शक प्रसिद्ध केला, पण त्याचे वजन सुमारे २५ ग्रॅम होते आणि तो मोठ्या जातीच्या उंदरालाच, म्हणजे रॅटलाच, पेलत असे. २०१७ मध्ये पेकिंग विद्यापीठातील गटाने हे वजन २.१५ ग्रॅमवर आणले आणि २०२२ मध्ये नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथून तीन ग्रॅमहून हलकी ‘मिनी२पी’ ही रचना आली. तिच्यासाठी महागडा लेझर आणि तो सांभाळणारा जाणता माणूस लागतो. त्यामुळे नवख्याने वन-फोटॉन, म्हणजे साध्या एलईडीच्या प्रकाशावर चालणाऱ्या, मिनीस्कोपपासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. या हलक्या वन-फोटॉन वाटेचा पाया २०११ मध्ये स्टॅनफर्डमधील मार्क श्निट्झर यांच्या गटाच्या १.९ ग्रॅमच्या उपकरणाने घातला. पुढे यूसीएलएतील दानिएल अहारोनी, पेमन गोलशानी, अल्सिनो सिल्वा आणि बलजित खख यांच्या प्रकल्पाने आराखडे खुले केल्यामुळे मर्यादित अनुदानाच्या प्रयोगशाळांनाही हे तंत्र परवडू लागले.

वन-फोटॉन चित्रणाची मर्यादा मात्र आधीच समजून घ्यावी. यात प्रकाश केवळ हव्या त्या प्रतलावर पडत नाही. वरच्या-खालच्या सगळ्या पेशी उजळतात आणि ऊतींमध्ये तो प्रकाश विखुरतो. पावसाळ्यात खंडाळ्याच्या घाटात धुक्यातून समोरच्या गाडीचे दिवे जसे दिसतात, तशा या पेशी दिसतात: प्रत्येक दिव्याभोवती एक तेजोवलय, आणि दोन गाड्या एकामागे एक असतील तर त्या दोन आहेत हे कळणेही अवघड. लेन्सच्या टोकापासून साधारण दीडशे-दोनशे मायक्रॉनपलीकडच्या पेशी वेगळ्या काढता येतील, अशी अपेक्षा ठेवू नये.

पायरी दुसरी: यंत्र आतून ओळखणे

यंत्र खोलून पाहण्याची भीती बाळगू नये; मुक्त आराखड्याचा फायदा तोच आहे. वर एक निळा एलईडी असतो, त्याचा सुमारे ४७० नॅनोमीटरचा प्रकाश एका फिल्टरमधून गाळून निघतो आणि तिरक्या बसवलेल्या डायक्रोइक आरशावरून खाली मेंदूकडे वळतो. पेशींकडून परत येणारा ५२५ नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश त्याच आरशातून आरपार जातो, दुसऱ्या फिल्टरमधून गाळला जातो आणि चित्र टिपणाऱ्या सीमॉस सेन्सरवर पडतो. व्ही ४ मध्ये याशिवाय विजेच्या दाबाने आकार बदलणारी एक द्रवलेन्स आहे. तिच्यामुळे प्राण्याच्या डोक्यावरचा मिनीस्कोप न काढता फोकस सुमारे दोनशे मायक्रॉन वर किंवा खाली नेता येतो. डोके कोणत्या दिशेला वळले आहे हे सांगणारा सेन्सरही त्यात आहे. वीज, आज्ञा आणि चित्रे या तिन्हींची ने-आण एकाच बारीक कोअॅक्शियल केबलमधून होते.

या मिनीस्कोपचे वजन २.६ ग्रॅम आहे, उंची २२ मिमी आहे आणि दृश्यक्षेत्राचा व्यास साधारण १ मिमी आहे. पंचवीस ग्रॅमच्या उंदराला २.६ ग्रॅम म्हणजे शरीराच्या वजनाचा दहावा हिस्सा. साठ किलोच्या माणसाने सहा किलोची टोपी घालून दिवसभर वावरण्यासारखेच हे आहे. त्यात हे सारे कवटीला पक्के चिकटवणाऱ्या डेंटल सिमेंटचे वजन वेगळे धरावे लागते. म्हणून लहान, अशक्त किंवा नुकतेच वयात आलेले उंदीर निवडू नयेत आणि सिमेंट लावताना हात राखून लावावा.

यंत्र आल्यावर त्याच दिवशी प्राण्यावर बसवू नये. हायलाइटर पेनाने रंगवलेला आणि त्यावर बारीक रेघा ओढलेला कागदाचा तुकडा निळ्या प्रकाशात हिरवट-पिवळा चमकतो. तो मिनीस्कोपखाली धरून फोकस, प्रकाशाची समानता आणि सेन्सरवरची धूळ तपासावी. सेन्सरवरचा धुळीचा कण फोकस बदलला तरी चित्रात एकाच जागी राहतो, तर खालच्या लेन्सवरचा डाग धूसर किंवा स्पष्ट होत जातो. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढचे अनेक तास वाचतात.

पायरी तिसरी: परवानग्या

भारतात हा प्रयोग करणाऱ्याने पहिला उंदीर हाती घेण्यापूर्वीच संस्थात्मक प्राणी नीतिसमितीची मंजुरी घ्यावी लागते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखालील सीसीएसईए ही समिती याचे नियमन करते आणि त्यासाठीचा अर्ज ‘फॉर्म बी’मध्ये भरायचा असतो. प्रयोगात जनुकीय बदल केलेला विषाणू वापरला जाणार असल्याने संस्थात्मक जैवसुरक्षा समितीकडेही स्वतंत्रपणे जावे लागते. अर्जात प्राण्यांची संख्या लिहिताना पहिल्या तुकडीतील बरेच उंदीर चित्रणासाठी बाद ठरतील, हे गृहीत धरून तसे प्रामाणिकपणे लिहावे. कमी आकडा लिहून नंतर वाढीव परवानगी मागत बसण्यात वर्ष जाते. वेदनाशामक कोणते, किती दिवस, आणि कोणत्या लक्षणांवर प्राण्याला प्रयोगातून बाहेर काढायचे, हेही संस्थेच्या पशुवैद्यकांशी बोलून आधीच ठरवावे.

पायरी चौथी: चमकणारे प्रथिन पेशींपर्यंत पोहोचवणे

बहुतेक प्रयोगांत जीकॅम्प या प्रथिनांच्या कुळातील एखादे प्रथिन वापरतात. जुनिची नाकाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये त्याचे पहिले रूप तयार केले आणि २०१३ मध्ये अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्रातून आलेल्या जीकॅम्प६ ने ते खऱ्या अर्थाने घरोघरी, म्हणजे प्रयोगशाळोप्रयोगशाळी, पोहोचवले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले आठव्या पिढीचे प्रकार आणखी चपळ आहेत. पहिल्या प्रयोगासाठी जीकॅम्प६एफ घेणे सोयीचे, कारण त्याचे गुणदोष सगळ्यांना पाठ आहेत.

प्रथिनाचे जनुक पेशीत नेण्यासाठी एएव्ही हा निरुपद्रवी विषाणू वापरतात. सीए१ साठी सर्वसाधारणपणे ब्रेग्मा या कवटीवरील संधिबिंदूपासून सुमारे २ मिमी मागे, मध्यरेषेपासून दीड ते दोन मिमी बाजूला आणि सुमारे दीड मिमी किंवा थोडे अधिक खोल सुई नेतात, आणि पाचशे नॅनोलीटरच्या आसपास द्रव मिनिटाला पन्नास ते शंभर नॅनोलीटर इतक्या संथ गतीने सोडतात. त्यानंतर सुई दहा मिनिटे जागेवरच राहू द्यावी, नाहीतर द्रव सुईच्या वाटेनेच वर येतो. हे आकडे दिशादर्शक आहेत; उंदराची जात, वय आणि वजन यांनुसार ते बदलतात, म्हणून एक-दोन प्राण्यांत केवळ विषाणू देऊन, तीन आठवड्यांनी मेंदूचे काप काढून आपली जागा पडताळावी.

विषाणूची मात्रा हा नवख्यांच्या फसगतीचा मोठा मुद्दा आहे. जास्त मात्रा दिली की चित्र आधी झकास दिसते, सगळीकडे हिरवेगार. पण अशा पेशींत प्रथिन केंद्रकातही शिरते, पेशी भरीव ठिपक्यासारखी सतत तेजस्वी राहते आणि तिची लुकलुक थांबते. निरोगी पेशी कापात पाहिली तर तिचे केंद्रक काळे आणि भोवतालचे कडे हिरवे दिसते. म्हणून पहिल्याच वेळी विषाणूची तीन-चार वेगवेगळी विरलने करून पाहावीत. मात्रा कमी असेल तर आठवडाभर जास्त थांबता येते. जास्त झालेली मात्रा परत घेता येत नाही.

पायरी पाचवी: लेन्स बसवणे

ग्रिन लेन्स ही काचेची बारीक दांडी असते. तिच्या मधल्या भागात अपवर्तनांक जास्त आणि कडेकडे कमी असतो, त्यामुळे तिचे टोक सपाट असूनही ती प्रकाश वळवते आणि खालच्या टोकाशी असलेले चित्र वरच्या टोकाशी आणते. सीए१ साठी १ मिमी व्यासाची आणि सुमारे ४ मिमी लांबीची लेन्स पुष्कळ ठिकाणी वापरतात. काही गट जवळजवळ २ मिमी व्यासाची रुंद लेन्स घेतात. रुंद लेन्समधून अधिक पेशी दिसतात, पण मेंदूचे नुकसानही जास्त होते. अतिशय खोल भागांसाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या सडपातळ लेन्स असतात.

हिप्पोकॅम्पसवर सुमारे एक मिलिमीटर जाडीचा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर, असतो, आणि लेन्स बसवायची तर त्याचा लेन्सएवढा भाग काढावा लागतो. हे वाचून मन कचरते आणि ते कचरणे योग्यच आहे. या नुकसानाचा प्राण्याच्या वर्तनावर काय परिणाम होतो हे पडताळण्यासाठी शस्त्रक्रिया न केलेल्या प्राण्यांशी तुलना करणे हा प्रयोगाचाच भाग मानावा.

शस्त्रक्रियेची तयारी नेहमीच्या स्टिरिओटॅक्सिक, म्हणजे डोके चौकटीत स्थिर धरून मोजमापाने केलेल्या, शस्त्रक्रियेसारखी असते: आयसोफ्लुरेनची भूल, ३७ अंशांवर ठेवलेली उबदार गादी, डोळ्यांना मलम आणि सुरुवातीलाच वेदनाशामक. ब्रेग्मा आणि त्याच्या मागचा लॅम्डा हे कवटीवरील दोन्ही बिंदू एका पातळीत आणण्यात वेळ घालवावा, कारण डोके किंचित कललेले राहिले तर लेन्स तिरकी बसते आणि मग दृश्याच्या एका बाजूला पेशी, दुसऱ्या बाजूला नुसते धुके, असे चित्र मिळते. कवटीत एक-दोन बारीक स्क्रू बसवावेत. सिमेंटला त्यांचा आधार मिळतो. कवटीचा पृष्ठभाग कोरडा आणि किंचित खरवडलेला नसेल तर महिनाभराने संपूर्ण टोपीच निखळून हातात येते, आणि त्या दिवशी वाटणारी हळहळ शब्दांत सांगता येत नाही.

ड्रिलने गोल छिद्र पाडल्यावर मेंदूचे जाड आवरण बारीक चिमट्याने बाजूला करावे. त्यानंतर बोथट टोकाची सुई हलक्या निर्वाताला जोडून, वरून थंड निर्जंतुक क्षारद्रावण सतत सोडत, कॉर्टेक्स थराथराने शोषून घ्यावा. या कामात हात आणि कान दोन्ही वापरावे लागतात: द्रव ओढला जाताना येणारा आवाज आणि ऊती ओढली जाताना येणारा आवाज वेगळा असतो आणि काही प्राण्यांनंतर तो फरक आपोआप कळू लागतो. करडा, मऊ थर संपला की पांढरे, चमकदार तंतू दिसू लागतात, उसाच्या पेरावरील रेषांसारखे एका दिशेने गेलेले. ते काळजीपूर्वक काढल्यावर खाली तंतूंची दिशा बदललेली दिसते. येथे थांबावे. हा शेवटचा पातळ थर हिप्पोकॅम्पसचे आच्छादन असतो. तो ओरबाडला गेला तर ज्या पेशी पाहायच्या त्याच जखमी होतात.

रक्त येणारच. ते थांबेपर्यंत वाट पाहावी, क्षारद्रावणाने धुवावे, लागल्यास जिलेटिनचा निर्जंतुक स्पंज काही मिनिटे ठेवावा, पण तळ स्वच्छ आणि पारदर्शक दिसल्याशिवाय लेन्स खाली सोडू नये. मी शिकत असताना सायंकाळ झाली म्हणून, तळाशी गुलाबी छटा असताना, लेन्स बसवून टाकली होती. महिनाभराने त्या उंदराच्या डोक्यावर मिनीस्कोप धरला तेव्हा पडद्यावर फक्त तपकिरी अंधार होता. जी वीस मिनिटे मी वाचवली त्यांची किंमत त्या प्राण्याने आणि माझ्या पाच आठवड्यांनी मोजली.

लेन्स संथपणे, स्टिरिओटॅक्सिक भुजेला धरून, कवटीच्या पृष्ठभागापासून सुमारे १.३ ते १.४ मिमी खोलीपर्यंत न्यावी, जेणेकरून तिचे टोक तंतूंच्या थराला हलके टेकेल. कडेने थोडा जैवसुसंगत गोंद, त्यावर डेंटल सिमेंट असा क्रम ठेवावा. सिमेंटमध्ये काळी पूड मिसळून ते काळे केले तर बाहेरचा प्रकाश आत शिरत नाही. लेन्सच्या वरच्या टोकावर क्विक-सिलसारख्या सिलिकॉनचा थेंब देऊन ते झाकावे. उंदीर पिंजऱ्याच्या जाळीवर डोके घासतात आणि एक ओरखडा सगळ्या प्रयोगावर पाणी फिरवू शकतो.

पायरी सहावी: थांबणे आणि मग बेसप्लेट

पी हळद आणि हो गोरी, असा प्रकार येथे चालत नाही. लेन्सखालची सूज उतरायला, पाझरलेले रक्त शोषले जायला आणि प्रथिन पुरेसे तयार व्हायला तीन ते पाच आठवडे लागतात. दुसऱ्या आठवड्यात डोकावून पाहिले आणि काहीच दिसले नाही, म्हणून प्राणी बाद करू नये. तोच उंदीर पाचव्या आठवड्यात उत्तम ठरल्याची उदाहरणे प्रत्येक प्रयोगशाळेत सापडतात. विषाणू देण्यापासून पहिल्या उपयोगी रेकॉर्डिंगपर्यंत सुमारे दोन महिने धरूनच वेळापत्रक आखावे.

बेसप्लेट ही छोटी धातूची चौकट असते. ती कवटीवरील सिमेंटला कायमची चिकटवतात आणि मिनीस्कोप दर वेळी तिच्यात बसवून स्क्रूने घट्ट करतात. ती कोठे आणि किती उंचीवर चिकटवली, यावर पुढची सगळी चित्रे ठरतात. प्राण्याला हलकी भूल द्यावी, कारण गाढ भुलीत पेशींची लुकलुक जवळजवळ थांबते आणि चांगला प्राणीही निर्जीव भासतो. सिलिकॉन काढून लेन्सचे टोक अल्कोहोलने ओल्या केलेल्या लेन्सपेपरने पुसावे. मिनीस्कोपला बेसप्लेट अडकवून तो स्टिरिओटॅक्सिक भुजेने धरावा आणि द्रवलेन्सचा फोकस शून्यावर, म्हणजे मध्यावर, ठेवावा. हा एक मुद्दा विसरला तर पुढे फोकस एकाच दिशेला सरकवता येतो.

आता मिनीस्कोप हळूहळू खाली आणताना आधी ग्रिन लेन्सची गोल कडा पडद्यावर दिसते. ती मधोमध आणावी. सर्व बाजूंनी कडा सारखीच स्पष्ट दिसत नसेल तर मिनीस्कोप कललेला आहे. तो सरळ करावा. आणखी थोडे हलवल्यावर रक्तवाहिन्या रेखीव होतात आणि त्यांच्या जवळपासच, काही दशक मायक्रॉनांच्या अंतराने, पेशी लुकलुकताना दिसतात. येथे चार-पाच मिनिटे नुसते पाहत बसावे. रक्तवाहिन्या स्पष्ट पण पेशी नाहीत, असे असेल तर प्राणी आणखी आठवडाभर ठेवून पुन्हा पाहावा. दोन वेळा पाहूनही काही न दिसल्यास त्याला बेसप्लेट लावू नये. मनाला मुरड घालून घेतलेला हा निर्णय पुढच्या विश्लेषणातील कितीतरी मनस्ताप टाळतो. पाच पेशी दिसणाऱ्या प्राण्यावर तीन आठवडे रेकॉर्डिंग करून काहीही हाती लागत नाही.

सिमेंट पातळ थरांनी लावावे. ते वाळताना आकसते आणि बेसप्लेट किंचित खाली ओढते, म्हणून प्रत्येक थरानंतर चित्र पुन्हा पाहावे. मिनीस्कोपच्या अंगाला सिमेंट लागू देऊ नये. बेसप्लेटबरोबर मिनीस्कोपही कायमचा चिकटवून ठेवणारे महाभाग आहेत. शेवटी मिनीस्कोप काढून झाकण बसवावे.

पायरी सातवी: उंदराला सवय लावणे

प्राण्याला आधी हाताळणीची, मग तितक्याच वजनाच्या नकली मिनीस्कोपची आणि शेवटी केबलची सवय लावण्यासाठी किमान पाच ते सात दिवस द्यावेत. डोके खाली झुकवून कोपऱ्यात बसून राहणारा, पुढच्या पायांनी मिनीस्कोप सतत ओढणारा किंवा वजन घटणारा उंदीर प्रयोगास तयार नाही, असे समजावे. केबल जितकी बारीक आणि लवचिक तितकी बरी. ती वरच्या बाजूला फिरत्या जोडाला, म्हणजे कम्युटेटरला, जोडली नाही तर उंदीर एकाच दिशेने गोल फिरून तिला पीळ भरतो, आणि पिळलेली केबल त्याचे डोके ओढू लागली की जे वर्तन नोंदले जाते ते उंदराचे नसून केबलचे असते.

पायरी आठवी: रेकॉर्डिंग

एलईडी जेवढ्याने पेशी जेमतेम नीट दिसतात तेवढाच ठेवावा. नवखा माणूस चित्र सुंदर दिसावे म्हणून प्रकाश वाढवत नेतो, आणि त्याने प्रथिनाची चमक कायमची विझत जाते. पहिल्या मिनिटाच्या तुलनेत दहाव्या मिनिटाला संपूर्ण चित्र फिके पडत असेल तर प्रकाश जास्त आहे. आधी गेन, म्हणजे सेन्सरचा संकेत किती पटीने वाढवायचा ते प्रमाण, वाढवून पाहावा, मग प्रकाश. कोणताही पिक्सेल २५५ या कमाल मूल्याला टेकू नये, कारण तेथे पेशीची वाढलेली चमक मोजताच येत नाही. सेकंदाला २० किंवा ३० चौकटी, म्हणजे व्हिडिओच्या फ्रेम, पुरतात. कॅल्शियमचा संकेत शेकडो मिलिसेकंद टिकत असल्याने त्याहून वेगवान चित्रणाने फाइलच मोठी होते. एका सत्राला दहा-पंधरा मिनिटे योग्य.

फाइलींचा हिशेब आधीच करावा. व्ही ४ चे चित्र ६०८ गुणिले ६०८ पिक्सेलचे असते, म्हणजे प्रत्येक चौकट सुमारे ३.७ लाख बाइटची. सेकंदाला २० चौकटी धरल्या तर दहा मिनिटांचे रेकॉर्डिंग आकुंचन न करता साडेचार जीबीच्या जवळ जाते. रोज सहा उंदीर आणि चौदा दिवस म्हटले की पावणेचारशे जीबी केवळ मेंदूच्या चित्रांचे होतात, वर्तनाचा व्हिडिओ वेगळाच. रेकॉर्डिंग नेहमी वेगवान एसएसडीवर करावे आणि जागा वाचवण्यासाठी तपशील गाळणारे व्हिडिओ स्वरूप कधीही वापरू नये.

मेंदूचा कॅमेरा आणि वर्तनाचा कॅमेरा एकाच क्षणी सुरू झाले तरी त्यांच्या चौकटी तंतोतंत जुळत नाहीत, आणि मधूनच एखादी चौकट गळते. म्हणून चौकटींचे क्रमांक जुळवण्याऐवजी प्रत्येक चौकटीबरोबर नोंदलेली वेळ वापरावी. पहिल्याच दिवशी ती वेळांची फाइल उघडून लागोपाठच्या चौकटींमधील अंतर आलेखावर काढावे. २० चौकटींच्या वेगाला ते ५० मिलिसेकंदांच्या आसपास सपाट रेषेत दिसले पाहिजे. मधे उंच सुळके असतील तर संगणक, केबल किंवा डिस्क यांपैकी काहीतरी कमी पडत आहे.

दुसऱ्या दिवशी तीच पेशी सापडावी म्हणून पहिल्या दिवसाच्या रक्तवाहिन्यांचे चित्र छापून समोर ठेवावे आणि फोकस त्याच्याशी जुळवावा. वाहिन्यांची नक्षी म्हणजे त्या प्राण्याचा नकाशाच असतो.

पायरी नववी: चित्रांतून पेशी वेगळ्या काढणे

प्रथम डोक्याच्या हालचालीने हललेल्या चौकटी एकमेकींवर जुळवून घ्याव्या लागतात. त्यासाठी ‘नॉर्मकोर’ ही पद्धत प्रचलित आहे. त्यानंतर पार्श्वभूमीचे धुके वजा करून पेशींचे संकेत सुटे करणारी ‘सीएनएमएफ-ई’ ही पद्धत वन-फोटॉन चित्रणासाठीच २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. ‘काइमॅन’ या सॉफ्टवेअर-संचात ती वापरता येते. नवख्यांना ‘मिनिअन’ हा दुसरा संच अधिक मानवेल, कारण त्यात प्रत्येक टप्प्यावर आकडे बदलले की चित्रावर काय परिणाम होतो ते लगेच समोर दिसते. पेशीचा व्यास पिक्सेलमध्ये किती, हा आकडा दुसऱ्याच्या कोडमधून उचलू नये. आपल्याच चित्रात दहा पेशी मोजून काढावा.

संगणकाने तीनशे पेशी सापडल्या असे सांगितले तरी त्या तीनशेच्या तीनशे डोळ्यांखालून घालाव्यात. खऱ्या पेशीचा संकेत झटकन चढतो आणि सावकाश उतरतो. सममित टेकडीसारखा उंचवटा, शून्याखाली जाणारी खोल दरी, किंवा उंदराने मान झटकली त्याच क्षणी सगळ्या ‘पेशीं’त एकदम आलेली उसळी, ही हालचालीची किंवा चुकीच्या वजाबाकीची खूण आहे. शेजारच्या दोन पेशी सतत एकत्रच उजळत असतील, तर ते मेंदूतील नाते आहे असे लिहिण्यापूर्वी एकीचा प्रकाश दुसरीत सांडत नाही ना, हे पाहावे. जीकॅम्पऐवजी जीएफपी हे साधे हिरवे चमकणारे प्रथिन दिलेला एखादा प्राणी तुलनेसाठी ठेवावा. जीएफपीची चमक कॅल्शियमने बदलत नाही, म्हणून त्याच्यात जी ‘सक्रियता’ दिसेल ती सगळी खोटी.

वेगवेगळ्या दिवसांच्या पेशी जुळवण्यासाठी इस्रायलमधील यानिव झिव यांच्या गटाने २०१७ मध्ये ‘सेलरेज’ हे सॉफ्टवेअर प्रसिद्ध केले. याच झिव यांनी २०१३ मध्ये, श्निट्झर यांच्या प्रयोगशाळेत असताना, सीए१ मधील स्थानपेशींचा, म्हणजे प्राणी विशिष्ट जागी असताना सक्रिय होणाऱ्या पेशींचा, संच दिवसागणिक बदलत जातो आणि कोणत्याही दोन दिवसांत त्याचा लहानसा भागच सामाईक असतो, असे दाखवले होते. म्हणून कालची पेशी आज दिसली नाही तर लेन्स हलली असे लगेच समजू नये, आणि पेशी स्वतःहून गप्प झाली असेही समजू नये. आधी रक्तवाहिन्यांचा नकाशा जुळतो का ते पाहावे. अशा जुळवणीवर आधारलेला एक सुंदर प्रयोग सिल्वा यांच्या गटातील डेनिस कै यांनी २०१६ मध्ये केला. उंदराला दोन जागा पाच तासांच्या अंतराने दाखवल्या तर त्यांच्या स्मृतींत सामाईक पेशी जास्त असतात, आणि सात दिवसांच्या अंतराने दाखवल्या तर कमी, असे त्यांना आढळले. पेशींची जुळवणी ढिसाळ असती तर हा फरक दिसलाच नसता.

पायरी दहावी: शेवटी मेंदू उघडून पाहणे

प्रयोग संपल्यावर प्रत्येक प्राण्याच्या मेंदूचे काप काढून लेन्सचे टोक नेमके कोठे होते, त्याखालचा पेशींचा थर शाबूत आहे का आणि प्रथिन कोणत्या पेशींत होते, हे पाहावेच लागते. टोक अपेक्षेपेक्षा शंभर मायक्रॉन बाजूला असल्याने सीए१ समजून दुसऱ्याच भागाचे चित्रण झाले, असे घडते आणि ते कापांशिवाय कळत नाही. या कापांची छायाचित्रे, शस्त्रक्रियेच्या दिवशी लेन्स सोडण्यापूर्वी काढलेले तळाचे छायाचित्र आणि बेसप्लेट लावतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ, हे तिन्ही त्या प्राण्याच्या क्रमांकाच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवावेत. दहा-बारा प्राणी झाल्यावर हे फोल्डर शेजारी शेजारी उघडून पाहिले, की तळाला नेमका कोणता रंग दिसत असताना लेन्स सोडली तर पुढे पेशी दिसतात, हे आपल्याच हाताच्या कामावरून कळू लागते.